जुन्या वखारीतलं सागरी संग्रहालय कसं पाहावं: धक्क्यापासून माळ्यापर्यंत

जगातली बरीच चांगली सागरी संग्रहालयं जुन्या वखारींत आहेत. लंडनच्या वेस्ट इंडिया डॉकवरची साखर, रम आणि कॉफीची वखार १८०२ सालची. ॲम्स्टरडॅमचं संग्रहालय १६५६ साली नौदलासाठी बांधलेल्या कोठारात आहे. हॅम्बुर्गचं संग्रहालय १८७८-७९मध्ये उभ्या राहिलेल्या ‘काइश्पायखर बी’ या वखारीत. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमॅन्टलला कैद्यांकडून बांधून घेतलेलं एकोणिसाव्या शतकातलं सरकारी भांडार आज बुडालेल्या जहाजांचं संग्रहालय झालं आहे, तर श्रीलंकेत गॉलच्या किल्ल्यात डचांची लांबलचक वखार आहे.

अशा ठिकाणी बहुतेक लोक तिकीट काढतात, आत शिरतात आणि पहिल्या काचेच्या कपाटापासून माहितीपट्ट्या वाचायला लागतात. दोन तासांत पाय दुखतात, डोकं बधिर होतं आणि सगळ्यात मोठी वस्तू, म्हणजे खुद्द इमारत, पाहायची राहून जाते. खरं तर माल ज्या वाटेने फिरायचा त्या वाटेने तुम्ही फिरलात तर आतली निम्मी दालनं आपोआप उलगडतात. पुढचा क्रम त्याच वाटेचा आहे.

निघण्याआधी

संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वेळ आणि तिकीट तर सगळेच बघतात. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कोणता मजला बंद आहे ते बघा. जुन्या इमारतींची डागडुजी कधी संपत नाही; छप्पर, लिफ्ट, आगीची यंत्रणा असं काही ना काही चालूच असतं. कधी कधी तर सगळं संग्रहालयच मिटतं. लिव्हरपूलच्या अल्बर्ट डॉकमधलं सागरी संग्रहालय २०२५च्या सुरुवातीला मोठ्या नूतनीकरणासाठी असंच बंद करण्यात आलं. बाहेर धक्क्याला जहाज बांधलेलं असेल तर त्याची वेळ वेगळी असू शकते, तीही पाहून ठेवा.

वखारीच्या भिंती जाड असतात. त्यामुळे आत मोबाइलची रेंज धड मिळत नाही. ऑडिओ गाईड किंवा ॲप असेल तर ते आधीच उतरवून घ्या, इयरफोन बरोबर ठेवा. अंगावर एखादा पातळ स्वेटर असू द्या. कागद आणि लाकूड जपण्यासाठी काही दालनं मुद्दाम थंड ठेवलेली असतात आणि बाहेरच्या उन्हातून आत गेलं की ते जास्तच जाणवतं. बूट रबरी तळव्याचे हवेत. गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्या, लोखंडी जाळीचे जिने आणि तासन् तास कडक जमीन, या तिन्ही गोष्टी अशा इमारतीत हमखास असतात. टाचेचे बूट जाळीत अडकतात.

वेळेचं गणित असं मांडा: इमारतीला बाहेरून-आतून अर्धा तास, मन लावून पाहायच्या दोन मजल्यांना प्रत्येकी पाऊण तास, बाकी मजल्यांवरून नुसता एक फेरफटका, मध्ये पंधरा-वीस मिनिटं बसणं. असे साधारण साडेतीन तास होतात. हॅम्बुर्गसारख्या नऊ-दहा मजल्यांच्या संग्रहालयात ‘सगळं पाहू’ म्हणणारा माणूस पाचव्या मजल्यावर थकतो. दोन विषय घरूनच ठरवून जा.

आधी पाण्याच्या बाजूने

मुख्य दार बहुधा रस्त्याच्या बाजूला असतं. तिकडे लगेच जाऊ नका. वळसा घालून धक्क्यावर या आणि इमारतीकडे तोंड करून उभे राहा. वखारीला दोन तोंडं असतात. माल पाण्याकडून यायचा आणि रस्त्याकडून जायचा. कामाचं तोंड पाण्याकडचं, त्यामुळे खुणाही तिकडेच जास्त.

पहिली खूण दारांची. प्रत्येक मजल्यावर एक, अशी एकाखाली एक दारांची उभी ओळ दिसेल. वरच्या मजल्यांवरच्या या दारांना ना जिना ना सज्जा. त्यांच्या वर, छपराच्या टोकाला, बाहेर आलेली तुळई शोधा. तिला कप्पी असायची. जहाजातून पोतं किंवा पिंप उचलायचं, हव्या त्या मजल्याच्या दारासमोर आणायचं आणि आत ओढून घ्यायचं. आधी हे काम माणसांच्या अंगमेहनतीवर चाले. अल्बर्ट डॉकमध्ये १८४८ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या बसवल्या गेल्या, वखारीत अशी सोय करण्यातलं ते जगातलं अगदी सुरुवातीचं उदाहरण. नूतनीकरणात या दारांना आता बहुधा काचा बसवलेल्या असतात. चौकटीचा खालचा दगड दोरांनी झिजलेला आहे का ते बघा. झिजलेला असेल तर तो मूळचा, धारदार कडेचा असेल तर नवा.

खिडक्या लहान आणि गजांच्या का? आत उजेडाची फार गरज नव्हती, चोरांची भीती मात्र होती. लंडनला डॉक बांधण्याआधी जहाजं टेम्स नदीत माल उतरवण्यासाठी आठवडेच्या आठवडे खोळंबून राहत आणि तेवढ्यात साखर-रमला हजार हातांनी गळती लागे. म्हणूनच तिथे बंदिस्त गोदी, उंच भिंत आणि पहारा आला.

आता भिंतीवर लोखंडी पट्ट्या किंवा चकत्या दिसतील. फुलीच्या, नागमोडी किंवा साध्या गोल. शोभेसाठी नाहीत त्या. आतल्या तुळयांची टोकं भिंतीला जखडून ठेवणाऱ्या सळ्यांची ती बाहेरची डोकी. त्यांची आडवी ओळ म्हणजे आतल्या मजल्याची पातळी. दोन ओळींमधलं अंतर पाहा, मजले किती ठेंगणे आहेत ते बाहेरूनच कळेल. एकाच आकाराच्या, गंज नसलेल्या चकत्या दिसल्या तर त्या डागडुजीत बसवलेल्या समजा.

विटांच्या रंगातला फरकही पाहून घ्या. पाटीवर लिहिलेलं साल म्हणजे प्रत्येक विटेचं साल नव्हे. ॲम्स्टरडॅमचं कोठार १७९१मध्ये आगीत आतून जळून गेलं. १६५६ हे साल बाहेरच्या भिंतींचं धरायचं, आतल्या लाकूडकामाचं नाही. गॉलच्या वखारीला २००४च्या त्सुनामीचा तडाखा बसला होता. तिथलं सागरी पुरातत्त्वाचं संग्रहालय त्यानंतर २०१०मध्ये नव्याने उघडलं.

आत शिरल्यावर वर आणि खाली बघा

तळमजल्यावर पहिली दहा मिनिटं एकही माहितीपट्टी वाचायची नाही. खांब बघायचे. लाकडी खांब असेल तर त्यावर कुऱ्हाडीचे, तासणीचे उथळ खळगे दिसतात. गोल करवतीच्या कमानदार रेषा दिसल्या तर ते लाकूड त्यामानाने अलीकडचं. बिडाचा खांब बहुधा गोल असतो आणि त्याच्या अंगावर वरून खालपर्यंत गेलेली एक बारीक उभी रेघ शोधता येते. ओतकामाच्या साच्याचे दोन भाग जिथे जुळले, तिथली ती शिवण. रंगाचे दहा थर बसले तरी तिरक्या उजेडात ती दिसते.

वरच्या मजल्यावर गेल्यावर तेच खांब परत बघा. ते बारीक झालेले असतात, कारण खालच्या खांबावर सगळ्या मजल्यांचं ओझं आणि वरच्यावर फक्त छपराचं. किती ओझं? गव्हाचा एक घनमीटर साधारण पाऊण टनाचा. दीड मीटर थर रचला की एका चौरस मीटरवर एक टनाहून जास्त भार झाला. आजच्या संग्रहालयाच्या जमिनीचा हिशेब सहसा चौरस मीटरला चारशे-पाचशे किलो धरून करतात. वखारीत तोफा, नांगर, इंजिनं निर्धास्त मांडता येतात ती त्यामुळे. तरीही सगळ्यात जड वस्तू तळालाच सापडतील, कारण त्या वर न्यायच्या कशा हा प्रश्न उरतोच. जुन्या लिफ्टची दारं तेवढी रुंद नसतात.

लोखंड की लाकूड हा वाद आगीचा होता. लिव्हरपूलला जेसी हार्टली या अभियंत्याने १८४६ साली खुली झालेली अल्बर्ट डॉकची वखार बीड, वीट आणि दगड यांत बांधली, सांगाड्यात लाकूड वापरलंच नाही. ती जळत नाही म्हणून तिचा मोठा गवगवा झाला. पण उघडं लोखंड आगीत भराभर ताकद गमावतं आणि तापलेलं बीड थंड पाणी पडलं की तडकू शकतं. जाड लाकूड उलट बाहेरून हळूहळू कोळसा होत जातं आणि आतला गाभा बराच वेळ तग धरतो. त्यामुळे अग्निशामक दलाला लोखंडी वखारीत शिरायची धास्ती जास्त असे. आज खांबांना जाडसर पांढरा-राखाडी लेप दिसला तर तो बहुधा आगीपासून वाचवणारा; तो टोकरू नका.

भिंतीच्या पायथ्याशी वाका. जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत पांढरी भुकटी, पापुद्रे सुटलेला गिलावा दिसेल. हा लोणा. समुद्राकाठच्या विटांत मीठ मुरलेलं असतं. जमिनीतली ओल वर चढते, ते मीठ विरघळवून पृष्ठभागावर आणते, पाणी उडून जातं आणि मिठाचे खडे विटेच्या रंध्रांत फुगून तिचा चुरा करतात. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते, म्हणून जाणकार चुन्याचाच गिलावा करतात. दर काही वर्षांनी तो खरवडून नवा लावायचा. मीठ त्याच्याबरोबर निघून जातं. एखाद्या दालनात कपाटं भिंतीपासून वीतभर दूर ठेवलेली दिसली तर कारण हेच.

वरून खाली की खालून वर?

लिफ्टने सगळ्यात वर जाऊन जिन्याने उतरत येणं हा साधारण सोयीचा मार्ग. गुडघ्यांना त्रास कमी, आणि सकाळची गर्दी खालीच रेंगाळत असते तोवर वरचे मजले रिकामे मिळतात. लंडनला तर कालक्रमच तिसऱ्या मजल्यावरून सुरू होतो आणि खाली उतरत आजपर्यंत येतो. तिथे खालून सुरुवात केलीत तर गोष्ट उलटी वाचाल. हॅम्बुर्गला मजल्यांना ‘डेक’ म्हणतात आणि विषय वेगळे केलेले आहेत: पहिल्यावर दिशादर्शन, दुसऱ्यावर शिडाची जहाजं, तिसऱ्यावर जहाजबांधणी, असं करत आठव्यावर सागरी चित्रं आणि नवव्यावर हजारो चिमुकली जहाजं. तिथे क्रमाची सक्ती नाही. पण पहिला डेक पाहून मग वर गेलात तर बाकीचं जास्त कळतं.

एक अपवाद पाळा. बाहेर धक्क्याला जहाज असेल आणि हवा बरी असेल तर ते आधी उरका. पाऊस-वाऱ्यात ते बंद करतात आणि दुपारी रांग वाढते. ॲम्स्टरडॅमला ‘ॲम्स्टरडॅम’ या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाची प्रतिकृती उभी आहे. मूळ जहाज १७४९मध्ये पहिल्याच सफरीत इंग्लंडच्या हेस्टिंग्जजवळ किनाऱ्याला लागून गेलं. अशा जहाजावर चढताना त्याच्या हलण्यामुळे फळीचा उतार बदलतो, म्हणून कठडा धरूनच चढा. पाठीवरची पिशवी पोटावर घ्या. शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडे ठेवा, जिना उतरल्यासारखं पुढे तोंड करून उतरायला गेलात तर टाच निसटते. आणि डेकच्या तुळयांखाली वाकूनच चाला, इथे डोक्याला टेंगूळ येणं हा रोजचा प्रकार आहे.

जहाजांच्या प्रतिकृती

इथे सगळे पटकन पुढे सरकतात, आणि तिथेच चुकतात. प्रतिकृती वरून पाहिली की ती खेळणं वाटते. गुडघे वाकवा, डोळा पाण्याच्या रेषेच्या उंचीला आणा आणि नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागच्या टोकाकडे सावकाश जा. आकार एकदम बदलतो.

आधी प्रमाण वाचा. १:४८ असेल तर एक मीटरची प्रतिकृती म्हणजे ४८ मीटरचं जहाज. संग्राहकांच्या आवडत्या १:१२५० प्रमाणात अडीचशे मीटरचं जहाज फक्त वीस सेंटीमीटर होतं, आणि ते पाण्याच्या रेषेपर्यंतच केलेलं असतं.

मग ती कशासाठी केली होती ते ओळखा, कारण त्यावर तिचा भरवसा ठरतो. फळीवर चिकटवलेला अर्धाच सांगाडा दिसला तर ते कारागिराचं हत्यार. आडव्या पातळ फळ्या एकावर एक बसवून ते कोरत, मग सुटे करून मापं घेत आणि त्यावरून खरं जहाज बांधत. खालचा भाग फळ्यांनी न झाकता बरगड्या उघड्या ठेवलेल्या प्रतिकृती नौदलाच्या गोदीतल्या; त्या विलक्षण अचूक असतात. चकचकीत पितळी किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या जोडण्या असतील तर ती जहाज कंपनीच्या कचेरीत, गिऱ्हाइकावर छाप पाडायला ठेवलेली. हाडांची पांढरी प्रतिकृती दिसली तर ती नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमध्ये कैदेत असलेल्या फ्रेंच खलाशांची असण्याची शक्यता मोठी. जेवणातून उरलेली हाडं आणि विकून चार पैसे मिळवायची गरज, दोन्ही त्यांच्याकडे होतं. या देखण्या असतात, पण मापात ढिल्या. डोलकाठ्या बहुधा प्रमाणापेक्षा उंच.

दोर बघायची एक सोपी युक्ती आहे. काळे दोर डोलकाठ्यांना आधार देणारे, कायमचे बांधलेले. डांबर लावलेलं म्हणून काळे. फिकट दोर शिडं ओढायचे-सोडायचे, हातात येणारे. एवढा भेद लक्षात आला की तो गुंता राहत नाही. काळे दोर डोळ्याआड करा आणि एकाच फिकट दोराचा माग शेंड्यापासून डेकवरच्या खुंटीपर्यंत काढा. एका प्रतिकृतीवर एवढं केलंत तरी पुरे.

दिशा शोधायची यंत्रं

हे दालन मन लावून पाहायच्या दोनांपैकी एक असावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाकी सगळं सामान जहाजात होतं; ही यंत्रं नसती तर जहाज कुठे आहे हेच कळलं नसतं.

ॲस्ट्रोलेब ही सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजायची खलाशांची पितळी चकती. जमिनीवरच्या ज्योतिषाची चकती नाजूक आणि कोरीव, समुद्रावरची ओबडधोबड, जड आणि मध्ये मोठी भोकं पाडलेली. भोकांतून वारा जावा आणि वजनाने ती लटकत स्थिर राहावी, हा हेतू. तळाचा भाग जास्त जाड दिसेल.

ऑक्टंट आणि सेक्स्टंट हीच उंची आरशांच्या मदतीने मोजतात; या दोघांत लोक हमखास गल्लत करतात. ऑक्टंटची कमान वर्तुळाचा आठवा भाग, म्हणजे ४५ अंश; सेक्स्टंटची सहावा भाग, ६० अंश. पण आकडे बघा: ऑक्टंटवर सुमारे ९० पर्यंत आणि सेक्स्टंटवर १२० पर्यंत. आरसा एक अंश फिरला की परावर्तित किरण दोन अंश फिरतो, म्हणून दुप्पट. आरशांच्या या जातीचं यंत्र जॉन हॅडली यांनी १७३१मध्ये मांडलं. जुने ऑक्टंट काळ्या लाकडाचे आणि हस्तिदंती पट्टीचे, सेक्स्टंट बहुधा पितळी. छोट्या दुर्बिणीजवळच्या रंगीत काचा सूर्याकडे पाहण्यासाठी.

क्रोनोमीटर म्हणजे पेटीतलं अचूक घड्याळ. ते ठरावीक ठिकाणची वेळ दाखवतं; जहाज असेल तिथल्या वेळेशी तिची तुलना करून रेखांश काढत. पेटीत ते दोन कड्यांत टांगलेलं असतं, जहाज कलंडलं तरी तबकडी आडवीच राहते. तबकडीत वरच्या बाजूला एक छोटी तबकडी असते, तिच्यावर सहसा ० ते ५६ आकडे. हा काटा शेवटची किल्ली देऊन किती तास झाले ते दाखवतो. घड्याळ दोन दिवसांहून जास्त चालत असलं तरी किल्ली रोज ठरल्या वेळी द्यायचाच नियम. का, ते गणितातून कळेल. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांना एक अंश, चार सेकंदांना एक कला (अंशाचा साठावा भाग). विषुववृत्तावर ती एक सागरी मैल, १८५२ मीटर. घड्याळ चार सेकंद चुकलं तर जहाज जवळजवळ दोन किलोमीटर चुकलं. ब्रिटिश संसदेने १७१४ साली रेखांश शोधण्यासाठी मोठं बक्षीस लावलं ते याच अडचणीपायी.

होकायंत्राच्या खांबाच्या दोन्ही बाजूंना लाल आणि हिरवे लोखंडी गोळे असतील तर ते जहाज लोखंडी होतं असं समजा. जहाजाचंच लोखंड सुईला ओढतं, तो दोष काढायला हे गोळे मागे-पुढे सरकवत. लाल डावीकडचा, हिरवा उजवीकडचा.

शिशाचा लांबट ओळंबा कपाटात एकटाच पडलेला असतो आणि त्याकडे कोणी बघत नाही. त्याचा तळ बघा, तिथे खोलगट खळगा आहे. त्यात चरबी भरत. ओळंबा तळाला टेकला की चरबीला वाळू, शिंपले किंवा चिखल चिकटून येई. खोली दोरावरून कळे आणि तळ कसा आहे ते चरबीवरून. नकाशात तशी नोंद असल्यामुळे धुक्यातही तांडेलाला जागेचा अंदाज बांधता येई. शेजारी गाठी मारलेला दोर आणि २८ सेकंदांची वाळूची घडी असेल तर ते वेग मोजायचं साधन. दोन गाठींत सुमारे १४.४ मीटर, घडी रिकामी होईपर्यंत हातातून जितक्या गाठी सुटल्या तितका ताशी सागरी मैल वेग.

नकाशांच्या दालनात थांबून मग बघा

कागद आणि रंग उडू नयेत म्हणून इथे उजेड अगदी मंद, ५० लक्सच्या आसपास ठेवतात. उन्हातून थेट आलात तर काहीच दिसणार नाही. आधी दालनाच्या मध्यभागी पाच मिनिटं बसा. ‘लाइट गेलेत का’ म्हणून परत फिरणारे नेहमीच भेटतात.

चामड्यावरच्या जुन्या सागरी नकाशात एका टोकाला जनावराच्या मानेचा निमुळता आकार दिसतो. गावांची नावं किनाऱ्याला काटकोनात, जमिनीच्या बाजूला लिहिलेली असतात, कारण समुद्राची बाजू मार्ग आखायला मोकळी हवी. महत्त्वाची बंदरं लाल शाईत, बाकीची काळ्या. आरपार गेलेल्या रेषांचं जाळं म्हणजे वाऱ्यांच्या दिशा. ॲम्स्टरडॅमच्या चौकावर २००७ ते २०११च्या नूतनीकरणात घातलेलं काचेचं छत याच रेषांवरून बेतलं आहे. नकाशांकडे जाण्याआधी चौकात मान वर करून ते पाहून घ्या, आत गेल्यावर रेषा लगेच ओळखीच्या वाटतात.

छापील नकाशात समुद्रावर विखुरलेले आकडे खोलीचे. ते वावांत आहेत की मीटरमध्ये, हे कोपऱ्यातल्या शीर्षकात लिहिलेलं असतं. वाव म्हणजे १.८३ मीटर, त्यामुळे ही ओळ न वाचता काढलेला अंदाज जवळपास दुपटीने चुकतो. अंतर मोजायचं तर उजव्या-डाव्या कडेच्या अक्षांशपट्टीवर, तेही त्याच उंचीला. कारण नकाशाकार मर्केटरने १५६९ साली मांडलेल्या पद्धतीत नकाशा ध्रुवांकडे ताणत जातो.

आणि नकाशा खरोखर समुद्रावर गेला होता का? तिरकं पाहा. दोन टोकदार पायांच्या कंपासाने पाडलेली सुईएवढी भोकं, खोडलेल्या पेन्सिलीच्या खोलगट रेघा, घडीवर झिजलेला रंग दिसला तर होय. कोरा, झगझगीत नकाशा बहुधा कुणा श्रीमंताच्या भिंतीवर होता.

बुडालेल्या जहाजांचं दालन

काळपट, मेणचट लाकूड दिसलं की समजा त्यात पॉलिइथिलिन ग्लायकॉल मुरवलेलं आहे. शतकानुशतकं पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशी पोकळ होतात. ते नुसतं वाळवलं तर आकसून फुटतं. म्हणून आतलं पाणी हळूहळू काढून जागी हे मेण भरतात. स्टॉकहोमच्या ‘वासा’ या जहाजावर १६२८मध्ये बुडून १९६१ साली वर काढल्यानंतर सतरा वर्षं याचा फवारा चालू होता. फ्रीमॅन्टलला ‘बाताव्हिया’ या डच जहाजाचा मागचा भाग असाच जपून उभारलेला आहे. हे जहाज ४ जून १६२९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला हाउटमन अब्रोल्होस बेटांजवळ खडकांवर चढलं. त्याच्या पोटात बाताव्हिया शहराच्या (आजच्या जाकार्ताच्या) किल्ल्यासाठी घडवलेल्या दगडी कमानीचे तुकडे होते; ती कमान इथे उभी दिसते ती प्रतिकृती, मूळ दगड जेराल्डटनच्या संग्रहालयात आहेत. ‘मूळ’ आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द पट्टीवर शोधायची सवय अशाच ठिकाणी उपयोगी पडते.

लाकडाच्या कडेला जा आणि फळ्यांच्या जोडांत गोल खुंट्या शोधा. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजून लाकूडही कुजवतो; लाकडी खुंटी ओली होऊन फुगते आणि जास्तच घट्ट बसते.

तोफांवर अक्षरं असतात. ‘व्ही’च्या दोन पायांवर ‘ओ’ आणि ‘सी’ हे १६०२ साली स्थापन झालेल्या डच कंपनीचं चिन्ह; त्याच्यावर ‘ए’ असेल तर ती तोफ ॲम्स्टरडॅम शाखेची. ब्रिटिश तोफेवर मागच्या बाजूला ३२-२-१४ असे तीन आकडे दिसले तर ते वजन: ३२ हंड्रेडवेट, २ क्वार्टर, १४ पौंड. हंड्रेडवेट ११२ पौंडांचं, क्वार्टर २८चं. बेरीज ३६५४ पौंड, म्हणजे सुमारे १६५७ किलो. नांगराला आडवा दांडा नसेल तर तो मोडका समजू नका. दांडा लाकडी होता, तो कुजून गेला. हाच दांडा तळावर आडवा टेकून नांगराचा एक फाळ मातीत रुतवायचा.

मालाच्या मागची माणसं

लंडनच्या वखारीत साखर आली ती कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या श्रमातून. २००७पासून तिथे साखर आणि गुलामगिरी यांवर स्वतंत्र दालन आहे, तेही जिथे माल रचला जाई त्याच मजल्यांत. अशा दालनांत घाई करू नका. ‘ब्रूक्स’ या गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचा १७८८चा छापील आराखडा अनेक संग्रहालयांत दिसतो: माणसांच्या आकृत्या डेकवर आडव्या, ओळीने. त्या वर्षीच्या कायद्याने या जहाजाला ४५४ माणसं नेण्याची मुभा होती. आधी त्यातून ६०९पर्यंत नेलेली होती. आराखड्यावर ओळींमधली मोकळी जागा शोधून बघा.

बाकीच्या दालनांतही पट्ट्या वाचताना एक कान सावध ठेवा. ‘मसाले आले’, ‘चहा उतरला’ अशी कर्त्याविना वाक्यं आली की विचारा: कुणी पिकवला, कुणी उचलला, कुणाच्या खात्यात पैसे गेले? हिशेबाची वही उघडी ठेवलेली असेल तर उजव्या कडेचे आकडे वाचा. उत्तर बहुधा तिथेच असतं.

फोटो, मुलं आणि उरलेल्या गोष्टी

काचेवर चमक येते ती तुमच्या मागच्या दिव्यांची आणि तुमच्याच पांढऱ्या शर्टाची. गडद कपडे घाला, काचेला समोरून नव्हे तर जरा तिरकं उभं राहा, फ्लॅश बंद. आधी माहितीपट्टीचा फोटो, मग वस्तूचा. घरी गेल्यावर कोणता ऑक्टंट कुठला याचा गोंधळ होत नाही. पट्टीवरचा छोटा नोंदणी क्रमांक फोटोत आलाच पाहिजे.

मुलं बरोबर असतील तर प्रत्येक मजल्यावर एकच कामगिरी द्या: ‘लाल-हिरवे गोळे शोध’, ‘खांबाची शिवण शोध’. जहाज चालवायचं सिम्युलेटर असेल, जसं हॅम्बुर्गला आहे, तर शिरल्या शिरल्या तिथली वेळ विचारून घ्या.

तो नोंदणी क्रमांक मात्र जपून ठेवा. बऱ्याच ठिकाणी पहिले चार आकडे वस्तू संग्रहात आल्याचं साल सांगतात, आणि मोठ्या संग्रहालयांचं अभिलेखागार किंवा वाचनालय वेगळं असतं. तिथे आधी वेळ ठरवून जावं लागतं. ‘निळ्या जहाजाबद्दल माहिती हवी’ असं लिहिलंत तर उत्तराला आठवडे लागतील. क्रमांक, दालन आणि नेमका प्रश्न लिहिलात, उदाहरणार्थ ‘हे क्रोनोमीटर कोणत्या जहाजावर होतं आणि त्याची रोजची चूक नोंदवलेली आहे का’, तर अभिलेखपाल तुमच्यासाठी योग्य तो खोका आधीच काढून ठेवू शकतो.